नाकाने जड रायफल

कोर्पीवारा या आमच्या उत्तरेकडच्या गावात हेल्वी तोलोनेनचं घर कुणाला विचारावं लागत नाही. तिचा कुत्राच सांगतो. रेमू त्याचं नाव. करडा रंग, पाठीवर वळलेली शेपटी, आणि आवाज असा की तळ्यापलीकडच्या चर्चमध्ये पाद्रीबाई बोलता बोलता थांबतात. आमच्या आणि तिच्या घरात फक्त एक बटाट्याचं शेत आहे, त्यामुळे रेमूचं भुंकणं आणि हेल्वीचं करवादणं, दोन्ही आमच्या स्वयंपाकघरात बसून ऐकू येतं. त्या वर्षीच्या शरद ऋतूत करवादणंच जास्त होतं.

हेल्वीने उभं आयुष्य फिरत्या ग्रंथालयाची बस चालवली. बर्फ असो, चिखल असो, वाडीवस्तीवर पुस्तकं पोचली पाहिजेत. लग्न केलं नाही. "विचारणारा होता एक," ती सांगते, "पण त्याला कुत्र्यांच्या केसांनी शिंका यायच्या. मग कुणाला ठेवायचं ते उघडच होतं." एल्कच्या शिकारीला ती पंचविशीपासून जाते. एल्क म्हणजे घोड्याएवढं उंच हरीण. ऑक्टोबर आला की दर शनिवारी गावाची टोळी जंगलात जाते आणि हिवाळ्याचं मांस घरोघर वाटलं जातं. मी मांस खात नाही, पण हाकाऱ्यांच्या रांगेत नारिंगी जाकीट घालून चालते आणि कॉफी करते. जनावर पडलं की त्याच्यासाठी मनात देवाचं नाव घेते. इतक्या वर्षांत त्याचं कुणाला नवल वाटेनासं झालंय.

टोळीत हेल्वीचं काम सगळ्यांत अवघड. कुत्रा जंगलात शिरून एल्क शोधतो, त्याच्यापुढे नाचतो, भुंकतो आणि त्याला एका जागी धरून ठेवतो. मग कुत्र्याच्या मालकाने एकट्याने, दबक्या पावलांनी त्या आवाजापर्यंत जायचं आणि एका गोळीत काम संपवायचं. बाकी सगळे आपापल्या जागी गप्प. हे एकट्याने जाणं हेल्वीचं सर्वस्व आहे, असं म्हटलं तर ती मला हसेल, पण ते खरं आहे. रेमूला तिने पिल्लापासून शिकवलंय. तो बोलावतो आणि ती जाते. त्यात तिसरं कुणी नको.

गोष्ट बिघडली ती कानांपासून. एवढ्या वर्षांच्या बारांनी तिच्या डाव्या कानात सतत शिट्टी वाजायला लागली. कयानीच्या कानाच्या डॉक्टरने सांगितलं, आता उघड्या कानाने एकही बार काढायचा नाही, नाहीतर कान गेलेच समजा. हेल्वीने कानावरची गोल झाकणं घालून पाहिली. त्यातून रेमूचा आवाज ऐकू यायचा, पण कुठून येतोय ते कळायचं नाही. "चारी बाजूंना माझाच कुत्रा," ती म्हणाली. "एका दुपारी मी त्याच्याकडे पाठ करून चालत होते." मग राहिला एकच उपाय, रायफलला सायलेन्सर. आमच्याकडे निम्म्या टोळीने तो आधीच लावला होता. आवाज पुरता मरत नाही, पण कान फोडणारी धार जाते, आणि समोर नाचणाऱ्या कुत्र्याच्या कानांनाही बरं.

बंदुकांचं काम करणारा सुलो केरानेन तेव्हाच म्हणाला होता, "हेल्वी, तुझी नळी मुळात लांब. तिच्यापुढे हा डबा लावला की वल्हं होईल. नळी थोडी कापतो, मग लावू."

"माझ्या रायफलला करवत लागणार नाही."

"का पण?"

"टोकावर माशी आहे म्हणून."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची लहानशी खूण. हेल्वी नेमासाठी रायफलीवर दुर्बीण लावत नसे. ओला बर्फ पडायला लागला की काचा आंधळ्या होतात, माशी होत नाही, असं तिचं म्हणणं. नळी कापली की माशी गेली. सुलोने खांदे उडवले, माशीच्या पुढे टोकावर आटे पाडून दिले आणि सायलेन्सर फिरवून बसवला. हेल्वीने खांद्याला लावून पाहिलं. सायलेन्सर इतका जाड होता की माशी त्याच्या काळ्या रंगात अर्धी हरवली. खालचा सगळा भाग काळा. जिच्यासाठी नळी वाचवली, तीच दिसेना.

सुलो हत्यारं आवरायला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

मग दुर्बीण आली. यार्को केम्पाइनेन, लाकूडतोडीचं मोठं यंत्र चालवणारा, टोळीतला तरुणांतला म्हणायचा, म्हणजे चाळिशीचा. त्याने आपली जुनी दुर्बीण दिली. चांगली होती, पण दुधाच्या बाटलीएवढी. आता पुढे सायलेन्सर आणि वर बाटली. रायफल हातात घेतली की नाक खाली जायचं. हेल्वी बुटकी, हात आखूड, आणि बसचं चाक फिरवून फिरवून डावं मनगट कुरकुरतं. त्याच मनगटावर सगळा भार.

कापणीच्या शेडमध्ये, जिथे एल्क टांगून सोलतात, तिथे हंगामाआधीच्या शनिवारी कॉफीच्या वेळी सगळ्यांनी तिची रायफल हातोहात फिरवली. प्रत्येकाने उचलली, झुलवली आणि मत दिलं. टोळीचा म्होरक्या ताइस्तो युंटुनेन. लाकडाचे ट्रक चालवतो, फार बोलत नाही, पण जंगलात कोण कुठे जाणार हे तोच ठरवतो. त्याने एका बोटावर रायफल तोलली. बोट दस्ता सोडून पार नळीखाली गेलं तेव्हा कुठे ती आडवी राहिली.

"नाकाने जड आहे," ताइस्तो म्हणाला. "मागे वजन घाल. दस्त्याला पाठीमागून भोक पाडून शिसं भर. तोल मधे येईल."

"आणि उचलणार कोण, तुझा ट्रक?" हेल्वीने विचारलं.

"तोल मधे आला की वजन कळत नाही."

"पाठीवर कळतं."

पण तिने ऐकलं. शेडच्या मागेच भोक पाडलं, छऱ्यांचं शिसं ओतलं, वर बूच मारलं. मांस तोलायच्या काट्याला पट्ट्याने रायफल अडकवली. काटा कितीवर गेला ते कुणी मोठ्याने म्हणालं नाही. यार्को तेवढा म्हणाला, "वासराची तंगडी एवढीच भरते. निदान ती खाता येते."

बोटावर तोलली तर आता मात्र अगदी मधे. ताइस्तो खूश.

पुढच्या आठवड्यात नेमबाजीच्या मैदानावर गेलो. लाकडी एल्कच्या चित्रावर उभ्याने गोळ्या मारायच्या. आणि इथेच आम्ही सगळे फसलो. जड रायफल हलत नाही. ताज्या हाताने, पोटात गरम कॉफी असताना, गाडीतून काढून चार पावलांवर उभं राहून धरली तर ती दगडासारखी स्थिर राहते. हेल्वीच्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. इतके चांगले नेम तिने कधी मारले नव्हते. सगळ्यांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या. मीही मारली. मैदानावर कुणी दलदल तुडवून येत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शिकारीच्या पहिल्या शनिवारी रेमू सकाळीच भुंकायला लागला. मोठा नर होता. हेल्वी दलदलीतून गेली, गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते, रायफल एकदा या खांद्यावर, एकदा त्या. पट्टा मानेत काचत होता. पोचेपर्यंत तिच्या अंगाला वाफ येत होती. नर फरच्या दाट झाडांत उभा, रेमू समोर. तिने रायफल उचलली आणि ते लांबलचक नाक एका फांदीत अडकलं. फांदीवरचा बर्फ धपकन खाली आला. नर गेला.

शेकोटीपाशी यार्कोने सॉसेज फिरवत विचारलं, "वल्हं आणलंस तर होडी पण आणायची होतीस ना?"

"तुझी दुर्बीण काढून तुझ्या डोक्यात घालीन," हेल्वी म्हणाली. तिने हातमोजे काढले नाहीत. डाव्या हाताची बोटं थरथरत होती, ती तिला दाखवायची नव्हती.

त्या आठवड्यात तिने काय काय केलं नाही? पट्टा बदलून पाठीवर दोन्ही खांद्यांवर घ्यायचा लावला. मग रायफल पाठीवरून काढायला इतका वेळ लागला की रेमू तिच्याकडे बघत बसला. थोडं शिसं काढलं, नाक परत खाली गेलं. परत भरलं. संध्याकाळी अंगणात उभी राहून आमच्या धुराड्यावर रिकाम्या रायफलीने नेम धरायची, आणि मी खिडकीतून बघायचे. सुरुवातीला नळी स्थिर. मग हळूहळू टोक गोल फिरायला लागे, मग खाली. ती रायफल कुंपणाला टेकवून दोन शब्द बोलायची, जे फिरत्या ग्रंथालयातल्या कुठल्या पुस्तकात नसतील.

"नवी घे ना," मी एकदा म्हटलं. "आखूड, हलकी."

"ही मला ओळखते."

"ओळखते तर अशी का वागते?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पावाची लादी तिच्या हातात ठेवून घरी आले.

दुसऱ्या शनिवारी फांदी आडवी आली नाही. रेमूने मोकळ्या बर्चच्या रानात नर धरला होता. हेल्वीने वेळेवर उचलली, नेम धरला. पण नराचा खांदा एका खोडाआड होता. तो एक पाऊल पुढे टाकेपर्यंत थांबायचं, एवढंच. ती थांबली. आम्ही सगळे आपापल्या जागी श्वास रोखून ऐकत होतो, रेमूचा आवाज एका लयीत चालला होता, आता बार होईल, आता होईल. बार झाला नाही. तिथे हेल्वीचं मनगट सुटत चाललं होतं. नळीचं टोक नराच्या खांद्यावरून पोटावर, पोटावरून पायांवर. नराने पाऊल टाकलं, खांदा उघडा झाला, आणि तिला कळलं की आता मारली तर गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. तिने रायफल खाली केली. नर निघून गेला.

जखमी जनावर सोडण्यापेक्षा हे शंभर वेळा बरं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही शेडमध्ये सगळे आपापल्या कपात बघत होते.

मग ताइस्तो म्हणाला, "हेल्वी, पुढच्या शनिवारी कुत्र्याकडे यार्को जाईल. तू रस्त्यावरच्या जागेवर बस. तिथे रायफल टेकवायला काठी पण आहे."

"रेमू माझा कुत्रा आहे."

"तुझाच आहे. मी तो मागत नाहीये."

"मग काय मागतोयस?"

"मांस," ताइस्तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणून ते जास्त लागलं. "दोन शनिवार गेले. लोक वाट बघतायत."

यार्कोने मान खाली घातली. त्याला ही जागा कधीपासून हवी होती, पण अशी नको होती. "मी काही मागितलं नव्हतं," तो मला शेडबाहेर म्हणाला. मी म्हटलं, मला नको सांगूस, तिला सांग. त्याने सांगितलं नाही.

सोमवारी हेल्वी सुलोकडे गेली. मला सोबत घेतलं, कारण गाडी चालवताना बडबडायला तिला माणूस लागतं. आणि वाटभर तिने ताइस्तोला बोल लावला, शिशाला लावला, डॉक्टरला लावला, दुर्बिणीला लावला. चर्चचा वळसा आला तेव्हा तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "मी गाढव आहे. एक चूक झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. पुढे जड झालं म्हणून मागे जड केलं. तोल आला. पण दोन पोती काठीच्या दोन टोकांना बांधली म्हणून काय ती हलकी होतात?"

खरं होतं.

सुलोच्या कारखान्यात तिने रायफल टेबलावर ठेवली. "शिसं काढ. बाटली काढ. नळी काप."

"माशी?"

"माशी गेली तेल लावत."

"नक्की? कापलेली परत चिकटत नाही."

"सुलो, तू लग्न लावतोयस का नळी कापतोयस?"

सुलोने नळी लेथवर चढवली. कापताना जो आवाज आला, तो तिने खिडकीबाहेर बघत ऐकला. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने नवे आटे पाडले आणि सायलेन्सर बसवला. सगळ्याची मिळून लांबी आता पूर्वीच्या नुसत्या नळीएवढी झाली. भोकातलं शिसं काढून टाकलं. दुर्बिणीच्या जागी काडेपेटीएवढी काच बसवली, तिच्यात एक लाल ठिपका दिसतो, तो जिथे तिथे गोळी.

"बर्फात आंधळी होईल," हेल्वी म्हणाली.

"झाकण आहे. शेवटच्या क्षणी उघड."

"आणि बॅटरी?"

"खिशात दुसरी ठेव."

"आणि दुसरी गेली तर?"

"तर घरी जा आणि कॉफी पी," सुलो म्हणाला. "हा नळीचा तुकडा देऊ?"

"काय करू त्याचं?"

"मला काय माहीत, लोक मागतात."

"फेक."

रायफल तिने बोटावर तोलली नाही. नुसती उचलून खांद्याला लावली. परत खाली. परत वर. नाक अजून थोडं पुढे ओढत होतं, आणि ते असावंच लागतं, नाहीतर ती हातात नाचते. पण आता ओढ मनगटात नव्हती, हातभर होती. ती हसली नाही. "बंदुकीला असं करावं लागतं हे काही बरं नाही," एवढं म्हणाली. शुक्रवारी मैदानावर जाऊन नव्या काचेचा नेम लावून घेतला. गोळ्या पूर्वीसारख्या चिकटून बसल्या नाहीत, पण सगळ्या आत होत्या. मैदानाची राखण करणारा म्हातारा म्हणाला, मागच्या वेळी यापेक्षा छान होते. हेल्वीने रायफल गाडीत ठेवली.

शनिवारी सकाळी शेडमध्ये ताइस्तो जागा वाटत होता. हेल्वी उठून उभी राहिली. रायफल रिकामी करून गोळी भरायचा बोल्ट उघडून सगळ्यांना दाखवला, आणि दारासमोरच्या पाइनच्या झाडावर नेम धरला. सगळ्यांना वाटलं आता खाली करेल. ती करेना. कॉफी निवली. यार्को हातातला कप घेऊन झाडाकडे बघायला लागला, जणू तिथे काही आहे. टोक हललं नाही.

"बास," ताइस्तो म्हणाला. "दुखेल उद्या."

"उद्याचं उद्या. कुत्र्याकडे कोण जातंय?"

ताइस्तोने यार्कोकडे पाहिलं. यार्को म्हणाला, "मी रस्त्यावर बसतो. काठी आहे ना तिथे." आणि कप धुवायला गेला.

टोळीला एक पिल्लू मारायचीही परवानगी होती, पिल्लाच्या आईला मात्र नाही. पिल्लू म्हणजे वर्षाच्या आतलं, पण गाईएवढं. दुपारच्या सुमाराला रेमूने आई आणि पिल्लू, दोघांना तळ्याच्या काठच्या झुडपात धरलं. मी हाकाऱ्यांच्या रांगेत थांबले होते, रेडिओ कानाशी. बर्फ पडत होता, ओला, हेल्वी ज्याला भीत होती तसाच. मी मनात नाव घेत होते. कुणासाठी ते विचारू नका, त्या पिल्लासाठी की हेल्वीसाठी, मलाच माहीत नव्हतं.

रेमूचा आवाज खूप वेळ चालला. बार झाला नाही. मग आवाज पुढे सरकला, पातळ झाला, तळ्याच्या पलीकडे गेला. रेडिओवर कुणी तरी सुस्कारा टाकला. तो यार्को नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

हेल्वी शेकोटीपाशी आली तेव्हा रेमूचा पट्टा तिच्या हातात होता आणि दोघंही चिखलाने माखलेले. ताइस्तो उठला नाही. "काय झालं?"

"पिल्लू आईच्या पुढ्यात उभं. बरोबर पुढ्यात. गोळी त्यातून जाऊन आईला लागली असती."

"हललं नाही?"

"आईच्याच पोटाला चिकटून. आई फिरली की ते फिरायचं. शेवटी वारा फिरला आणि गेले."

"किती वेळ धरून होतीस?"

"जितका वेळ ते तिथे होते तितका." ती लाकडावर बसली आणि हातमोजे काढले. बोटं लाल झाली होती. थरथरत नव्हती. "काच पण ठीक होती. झाकण वेळेवर उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं, ताइस्तो. ठिपका त्याच्या खांद्यावर खिळ्यासारखा. आणि मारता येईना." ती थुंकली. "इतकी मेहनत करून रायफल सरळ केली, तर जनावर वाकडं उभं राहिलं. एवढंच राहिलं होतं."

यार्कोने तिला सॉसेज दिलं. तिने ते घेतलं आणि निम्मं रेमूला दिलं.

ताइस्तोने शेकोटीत एक ओंडका सारला. "उद्या रविवार," तो म्हणाला. "हवा बरी आहे. ते दोघं तळ्याच्या पलीकडेच राहतील. चर्च सुटल्यावर निघू."

"कुत्र्याकडे कोण?" यार्कोने विचारलं.

"कुत्रा कुणाचा आहे?" ताइस्तो म्हणाला आणि कॉफीचा कप पुढे केला.

हेल्वीने कप घेऊन बाजूला ठेवला. तिने रायफल मांडीवर आडवी घेतली आणि बाहीने सायलेन्सरवरचा बर्फ पुसायला लागली. पुसता पुसता पुटपुटली, पट्ट्याची कडी आता फार मागे आली, चालताना दस्ता गुडघ्यावर आपटतो, सुलोला सांगायला पाहिजे.